लॅटिनमध्ये ‘कुठे राबतोस?’ याचे उत्तर कसे द्यावे

मी लॅटिन शिकलो ते एका इंग्रजी पुस्तकावरून, आणि त्या पुस्तकाने पहिल्याच महिन्यात मला एका जागी अडवून ठेवले. ‘दोमी’ आणि ‘इन् दोमो’ अशी एकाच नामाची दोन रूपे त्यात शेजारी शेजारी दिली होती. दोन्हींचा संबंध घराशी होता, पण कोणते रूप केव्हा वापरायचे याचा खुलासा इतका त्रोटक होता की तो पाठ करूनही माझी वाक्ये चुकत राहिली. उलगडा झाला तो आईच्या एका वाक्याने. दारात कोणीतरी वडिलांची चौकशी करीत होते. वडील मागच्या अंगणात लिंबाच्या आळ्याला पाणी घालत होते, आणि आई आतूनच म्हणाली, ‘घरीच आहेत, पण घरात नाहीत, मागे बघा.’ त्या क्षणी मला लॅटिनचा नियम समजला. ‘दोमी’ म्हणजे घरी आणि ‘इन् दोमो’ म्हणजे घरात. पहिल्या रूपात माणूस कचेरीत, बाजारात किंवा परगावी नाही एवढेच सांगायचे असते, दुसऱ्या रूपात चार भिंती आणि छप्पर मोजलेले असते.

कोण कुठे काम करते हे लॅटिनमध्ये सांगण्यासाठी लागणारे बहुतेक व्याकरण या एका फरकाभोवती गुंफलेले आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, मराठी माणसाने हा भाग इंग्रजीचा वळसा न घेता थेट मराठीतून आणि येत असेल तर संस्कृतातून शिकावा. काही ठिकाणी मराठी आपल्याला फार लवकर पोहोचवते, आणि एका ठिकाणी ती आपल्याला हमखास चुकवते. ते ठिकाण मी पुढे सविस्तर सांगणार आहे.

प्रथम लिपीविषयी. लॅटिनमध्ये स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, पण रोमन लिपीत तो फरक दिसत नाही, म्हणून शिकाऊ पुस्तकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात. देवनागरीत ‘अ’, ‘इ’ आणि ‘उ’ यांच्यापुरती ती रेघ लागत नाही, कारण आपली लिपी हा फरक स्वतःच दाखवते. ‘ए’ आणि ‘ओ’ मात्र लॅटिनमध्ये ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि तो भेद येथे दिसणार नाही. या लेखातील लॅटिन शब्द संस्कृत वाचतो तसे वाचावेत. ज्या अक्षराचा पाय मोडला आहे ते व्यंजन तोडून उच्चारावे, आणि पाय मोडलेला नसेल तर शेवटचा ‘अ’ पूर्ण म्हणावा. ‘कुलीन’ हा लॅटिन शब्द, ज्याचा अर्थ स्वयंपाकघर, तो मराठीतल्या खानदानी ‘कुलीन’सारखा शेवटी गिळून चालणार नाही, कारण ‘कुलीन’ म्हणजे ‘स्वयंपाकघर’ आणि ‘कुलीना’ म्हणजे ‘स्वयंपाकघरा-’ हे रूप, एवढा मोठा फरक त्या एका मात्रेत आहे. उच्चार मी प्राचीन रोमन काळाचे घेतले आहेत. चर्चमधील परंपरेत काही वर्ण निराळे उच्चारतात, उदाहरणार्थ ‘ओफ्फिकीन’ ऐवजी ‘ओफ्फिचीन’. दोन्ही परंपरा मान्य आहेत, पण एका वहीत एकच पाळावी.

क्रियापद ‘लबोरारे’. याला मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द ‘राबणे’ आहे. दोन्हींच्या व्युत्पत्तीचा संबंध मी जोडत नाही, पण अर्थाची छटा विलक्षण जुळते, कारण ‘लबोरारे’मध्येही नुसते काम नसून कष्ट आहेत, आणि पुढे जाऊन त्रास सोसणेही आहे. आजाराने बेजार झालेल्या माणसासाठी आणि ग्रहण लागलेल्या चंद्रासाठीही रोमन लोक हेच क्रियापद वापरीत. त्याची वर्तमानकाळातील रूपे अशी: लबोरो, लबोरास्, लबोरत्, लबोरामुस्, लबोरातिस्, लबोरन्त्. म्हणजे मी राबतो, तू राबतोस, तो किंवा ती राबते, आम्ही राबतो, तुम्ही राबता, ते राबतात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले आहे त्यांनी ‘लबोरत्, लबोरन्त्’ यांच्याशेजारी ‘भवति, भवन्ति’ लिहून पाहावे, आणि ‘लबोरामुस्’शेजारी ‘भवामः’. हे साम्य योगायोगाचे नाही. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे मांडले, आणि १८१६ मध्ये फ्रान्त्स बोप यांनी आपल्या ग्रंथात नेमकी क्रियापदांचीच रूपे एकमेकांशेजारी ठेवून ते नाते तपासले. माझ्याकडे नागपुरात रविवारी शिकायला येणाऱ्यांत रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयात शिकलेले काही जण असतात. त्यांना ही सहा रूपे पाठ करावी लागत नाहीत, ती नुसती ओळखावी लागतात.

संस्कृतप्रमाणेच लॅटिन क्रियापदाला लिंग नाही. ‘राबतो’ आणि ‘राबते’ हा मराठीचा भेद ‘लबोरत्’मध्ये नाही, तो नामातून कळतो. शिक्षक ‘मगिस्तेर्’, शिक्षिका ‘मगिस्त्र’. वैद्य ‘मेदिकुस्’, स्त्री वैद्य ‘मेदिक’. सर्वनाम वेगळे लिहिण्याची गरज नाही आणि क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे वाक्याची ठेवण आपल्या ओळखीचीच असते.

आता ठिकाण. मराठीत आपण नामाचे सामान्यरूप करून त्याला मागून ‘त’ जोडतो: शेत, शेता, शेतात. लॅटिनमध्ये ‘त’च्या जागी ‘इन्’ हा शब्द आहे आणि तो नामाच्या आधी येतो. नामाचे रूप मात्र सामान्यरूपासारखेच बदलावे लागते. या बदललेल्या रूपाला ॲब्लेटिव्ह म्हणतात. संस्कृतात जी कामे तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तीन विभक्ती करतात, ती लॅटिनमध्ये बहुतांशी या एकाच रूपाकडे आली आहेत.

अग्रिकोल इन् अग्रो लबोरत्. शेतकरी शेतात राबतो.
कोक्वुस् इन् कुलीना लबोरत्. आचारी स्वयंपाकघरात राबतो.
मगिस्त्र इन् लूदो लबोरत्. बाई शाळेत काम करतात.

येथे मूळ नामे ‘अगेर्’, ‘कुलीन’ आणि ‘लूदुस्’ अशी आहेत. ‘अगेर्’चे ‘अग्रो’ होताना मधला ‘ए’ गळतो, याचे नवल वाटू नये. आपणही ‘कापूस’चे ‘कापसात’ करताना मधला ‘ऊ’ गाळतो आणि त्याचा विचारही करीत नाही. शिवाय ‘अगेर्’ हा वैदिक ‘अज्र’ या शेतवाचक शब्दाचा सख्खा भाऊ आहे, हे कळले की तो शब्द विसरत नाही. ‘अग्रिकोल’ अकारान्त असला तरी पुल्लिंगी आहे. ‘नौत’ म्हणजे खलाशी आणि ‘स्क्रीब’ म्हणजे कारकून यांचेही तसेच.

रूपे करण्याची रीत थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही पुस्तकात मिळते. शेवटी ऱ्हस्व ‘अ’ असलेल्या नामाचा तो ‘अ’ दीर्घ करावा: तबेर्न, म्हणजे दुकान, त्याचे तबेर्ना. ‘उस्’, ‘उम्’ आणि बऱ्याचशा ‘एर्’ने संपणाऱ्या नामांच्या शेवटी ‘ओ’ येतो: होर्तुस्, म्हणजे बाग, त्याचे होर्तो. या दोन्ही गटांचे अनेकवचन ‘ईस्’ने संपते: तबेर्नीस्, होर्तीस्. तिसऱ्या गटातील बहुतेक नामांना एकवचनात ‘ए’ आणि अनेकवचनात ‘इबुस्’ लागतो: उर्ब्स्, म्हणजे शहर, त्याचे उर्बे आणि उर्बिबुस्. यातील ‘बुस्’ म्हणजे संस्कृत ‘रामेभ्यः’मधील ‘भ्यः’चाच आप्त. ‘नाविस्’ या शब्दाजवळ क्षणभर थांबावे. त्याचे रूप होते ‘नावे’, आणि ‘नौत इन् नावे लबोरत्’ हे वाक्य ऐकून तिसरीतल्या मुलालाही नावेत कोणीतरी आहे एवढे कळेल, कारण ‘नाविस्’ आणि आपली ‘नौ’ ही एकाच कुळातली आहेत. उरलेल्या दोन गटांतले शब्द या विषयात क्वचितच लागतात.

आता ज्या चुकीचा उल्लेख मी वर केला तिच्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने वहीत स्वच्छ अक्षरात लिहून आणले होते, ‘कोक्वुस् इन् कुलीनम् लबोरत्’. रूप तिने चुकून घेतलेले नव्हते, विचार करून घेतले होते. आदल्या आठवड्यात आम्ही ‘आचारी स्वयंपाकघरात जातो’ हे वाक्य केले होते आणि तिथे ‘इन् कुलीनम्’ हेच बरोबर होते. मराठीत दोन्ही वाक्यांत ‘स्वयंपाकघरात’ हाच शब्द येतो, मग लॅटिनमध्ये तो का बदलावा, असा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. मराठी ‘त’ स्थिर राहण्यालाही चालतो आणि आत शिरण्यालाही चालतो: शेतात राबतो, शेतात जातो. लॅटिन ‘इन्’सुद्धा दोन्हींना चालतो, पण नामाचे रूप फरक सांगते. जिथे माणूस आहे तिथे ॲब्लेटिव्ह, जिकडे माणूस निघाला आहे तिकडे द्वितीया. ‘अग्रिकोल इन् अग्रो लबोरत्’, पण ‘अग्रिकोल इन् अग्रुम् इत्’. तिच्या वाक्याचा अर्थ ‘आचारी राबत राबत स्वयंपाकघरात शिरतो’ असा काहीतरी झाला असता.

याच्यावर उपाय संस्कृत आहे. ‘कृषकः क्षेत्रे’ आणि ‘क्षेत्रं गच्छति’ या दोन वाक्यांत आपण सप्तमी आणि द्वितीया नीट वेगळ्या ठेवतो. लॅटिन वाक्य लिहिण्यापूर्वी ते एकदा मनातल्या मनात संस्कृतात म्हणावे. ‘क्षेत्रम्’ तोंडात आले तर लॅटिनमध्येही शेवटी ‘म्’ येणार, आणि ‘क्षेत्रे’ आले तर येणार नाही. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनी प्रश्नच दोन ठेवावेत, कारण येथेही मराठी ‘कुठे’ आपल्याला गाफील ठेवतो. ‘कुठे राबतोस?’ याला लॅटिन आहे ‘उबि लबोरास्?’ आणि ‘कुठे चाललास?’ याला आहे ‘क्वो ईस्?’ उबि आणि क्वो यांची अदलाबदल कधीच होत नाही. ‘उबि’ने विचारलेल्याचे उत्तर ॲब्लेटिव्हने द्यायचे, ‘क्वो’ने विचारलेल्याचे द्वितीयेने. त्या मुलीने पुढचे दोन आठवडे प्रत्येक वाक्याच्या डाव्या समासात आधी ‘उबि’ किंवा ‘क्वो’ लिहिले आणि मग वाक्य लिहिले. समास भरून गेला, पण चूक पुन्हा झाली नाही. नव्या विद्यार्थ्याने तेच करावे.

‘इन्’ आणि ॲब्लेटिव्ह यांची ओळख नागपूरकराला वर्तमानपत्रातूनही झालेली असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील बातम्यांत ‘इन कॅमेरा सुनावणी’ हा शब्दप्रयोग येतो तेव्हा अनेकांना तेथे छायाचित्रण चालू असेल असे वाटते. वास्तविक लॅटिन ‘कमेर’ म्हणजे कमानीचे छत, आणि पुढे खोली. ‘इन् कमेरा’ म्हणजे खोलीत, बंद दाराआड. पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आलेला ‘कमरा’ हा तोच शब्द आहे. प्रयोगशाळेतील ‘इन व्हिट्रो’ म्हणजे काचेत, आणि ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी. ‘सब ज्युडिस’मध्येही हीच घडण आहे: ‘सुब्’ म्हणजे खाली आणि पुढे न्यायाधीशवाचक नामाचा ॲब्लेटिव्ह, म्हणून न्यायप्रविष्ट. या ‘सुब्’चा कामाच्या ठिकाणांसाठी फार सुंदर उपयोग होतो. लिंबाच्या झाडाला आरसा टांगून खुर्ची मांडून बसलेला कारागीर आपण रोज पाहतो: ‘तोन्सोर् सुब् अर्बोरे लबोरत्’, न्हावी झाडाखाली काम करतो.

मराठीत आपण दुकानात असतो पण रस्त्यावर, पुलावर, बांधकामावर असतो. लॅटिन ‘इन्’ला ‘त’ आणि ‘वर’ ही दोन्ही कामे पुरतात, त्यामुळे ‘इन् विआ’ म्हणजे रस्त्यावर आणि ‘इन् पोन्ते’ म्हणजे पुलावर. काही ठिकाणी मात्र जागेपेक्षा माणूस महत्त्वाचा असतो. ‘मी शेटजींकडे कामाला आहे’ हे वाक्य ‘इन्’ने होत नाही. त्यासाठी ‘अपुद्’ घेऊन पुढे द्वितीया ठेवावी: ‘अपुद् मेर्कातोरेम् लबोरो’. हा ‘अपुद्’ म्हणजे आपला ‘कडे’. मामाच्या दुकानात असलेल्या मुलाने ‘अपुद् अवुन्कुलुम्’ म्हणावे आणि काकांकडे असलेल्याने ‘अपुद् पत्रुउम्’, कारण लॅटिनमध्येही मामा आणि काका वेगळे आहेत, आणि ‘पत्रुउस्’ तर आपल्या ‘पितृव्य’शी रक्ताचे नाते सांगतो.

शब्द निवडताना एक सावधगिरी फार आवश्यक आहे. ऑफिस, कॉलेज, हॉस्पिटल हे इंग्रजी शब्द लॅटिनमधून आले आहेत हे माहीत असल्यामुळे विद्यार्थी ते उलटे फिरवून लॅटिनमध्ये नेतात, आणि अर्थ बिघडतो. ‘ओफ्फिकिउम्’ म्हणजे कार्यालय नसून कर्तव्य. ‘कोल्लेगिउम्’ म्हणजे महाविद्यालय नसून एका व्यवसायातील लोकांचा संघ. ‘होस्पितिउम्’ म्हणजे पाहुणचार किंवा पाहुण्याची उतरण्याची जागा. डॉक्टर ‘इन् होस्पितिओ’ आहे असे म्हटले तर तो कोणाकडे तरी मुक्कामाला गेला आहे असे होईल. दवाखान्यासाठी ‘वलेतूदिनारिउम्’ हा शब्द घ्यावा, जो रोमन छावणीतील रुग्णालयासाठी वापरीत. कारखान्यासाठी ‘ओफ्फिकीन’ चालेल. सरकारी कार्यालयासाठी ‘तबुलारिउम्’, म्हणजे जिथे दप्तर ठेवतात ती जागा, हा मला सगळ्यांत योग्य वाटतो. सिव्हिल लाइन्समधील कोणत्याही कचेरीतील बाबूंसाठी ‘स्क्रीब इन् तबुलारिओ लबोरत्’ हे वाक्य चपखल बसते. वकिलासाठी ‘अद्वोकातुस् इन् बसिलिका लबोरत्’ म्हणावे. ‘बसिलिक’ म्हणजे चर्च हा अर्थ नंतरचा, रोमन काळात त्या मोठ्या दालनात न्यायनिवाडे चालत.

उलट, एक शब्द असा आहे की ज्याचा मूळ अर्थ नागपूरकराने आवर्जून वापरावा. सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे जिला सेमिनरी हिल्स म्हणतात ती टेकडी आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. ‘सेमिनारिउम्’चा लॅटिनमधील पहिला अर्थ धर्मगुरूंचे विद्यालय नव्हे, तर रोपवाटिका. ‘सेमेन्’ म्हणजे बी. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या रोपवाटिकेत जाऊन पाहावे: जंभेरी लिंबाच्या खुंटाच्या सालीवर चाकूने उभी-आडवी चीर देतात, साल अलगद उचलून तिच्यात संत्र्याचा डोळा सरकवतात आणि वरून पट्टी गुंडाळतात. याला आपण ‘डोळा भरणे’ म्हणतो. रोमन शेतकरीही झाडाच्या कोंबाला डोळाच म्हणत; ‘ओकुलुस्’ म्हणजे डोळा, आणि त्यावरूनच डोळा भरण्याचे क्रियापद ‘इनोकुलारे’ झाले. कलम करणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘ईन्सितोर्’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणून ‘ईन्सितोर् इन् सेमिनारिओ लबोरत्’ हे वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घेतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतकऱ्यालाही ते जसेच्या तसे कळले असते.

नागपूर परिसरातील आणखी कामे घ्यावीत. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, त्याच्याही आधीपासून येथे कोष्ट्यांचे माग चालत होते. विणकर म्हणजे ‘तेक्स्तोर्’ आणि विणण्याची जागा ‘तेक्स्त्रीनुम्’: ‘तेक्स्तोरेस् इन् तेक्स्त्रीनो लबोरन्त्’. उमरेड आणि सावनेरच्या खाणींसाठी ‘फोस्सोरेस् इन् मेतल्लो लबोरन्त्’, खणणारे खाणीत राबतात. येथेही ‘उबि’ आणि ‘क्वो’ यांचा फरक पाहण्यासारखा आहे, कारण रोमन कायद्यात खाणीत राबण्याची शिक्षा होती आणि तिला ‘अद् मेतल्ल’ म्हणत; ‘अद्’पुढे द्वितीया, कारण माणसाला तिकडे पाठवायचे असते. कामठी ही १८२१ मध्ये वसलेली छावणी. छावणीला लॅटिनमध्ये ‘कस्त्र’ म्हणतात आणि तो शब्द नेहमी अनेकवचनी असतो, जसे मराठीत ‘डोहाळे’ किंवा ‘हाल’ कधी एकवचनात येत नाहीत. म्हणून एकाच छावणीसाठीही ‘मीलितेस् इन् कस्त्रीस् लबोरन्त्’ असेच लिहावे लागते. भाजीबाजारासाठी रोमन लोकांनीच तयार नाव ठेवले आहे. रोम शहरात भाजीचा स्वतंत्र बाजार होता, त्याचे नाव ‘फोरुम् होलितोरिउम्’. नावाने कॉटन मार्केट असले तरी जिथे भाजीच विकली जाते त्या आपल्या बाजारातील मंडळींसाठी ‘होलितोर् इन् फोरो होलितोरिओ लबोरत्’ हे वाक्य जसेच्या तसे वापरता येते. नामाबरोबर विशेषणही ‘ओ’कारान्त झाले आहे, हे ध्यानात ठेवावे.

ही वाक्ये कृत्रिम वाटू नयेत म्हणून एक अस्सल दस्तऐवज सांगतो. इंग्लंडच्या उत्तर भागात विन्दोलान्दा या रोमन छावणीच्या जागी १९७३ पासून पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडत आला आहे. त्यांपैकी एका पट्टीवर २५ एप्रिल या दिवसाची कामवाटणी आहे. कर्मशाळांत एकूण ३४३ माणसे, त्यांपैकी चर्मकार १२, स्नानगृहाच्या कामावर गवंडी १८, आणि पुढे इतर कामे. आपल्या मुकादमाच्या हजेरीपुस्तकासारखीच ही नोंद आहे. गवंड्यांसाठी तेथे ‘अद् बल्नेउम्’ असे लिहिले आहे. गवंडी स्नानगृहात बसलेले नाहीत, त्यांची नेमणूक त्या कामाकडे आहे. आपण ‘बांधकामावर लावले’ म्हणतो तसा हा ‘अद्’ आहे. आणि कर्मशाळांसाठी लिहिणाऱ्याने ‘इन्’ न घेता नुसते ‘फब्रिकीस्’ हे रूप ठेवले आहे. हिशेबाच्या भाषेत अशी काटकसर चालते. शिकाऊ माणसाने ती करू नये.

शेवटी पुन्हा ‘घरी’कडे. शाळेतील मराठी व्याकरणात सप्तमीचे प्रत्यय ‘त, ई, आ’ असे पाठ केलेले आठवत असतील. त्यातील ‘ई’ आज मोजक्याच शब्दांत उरला आहे: घरी, गावी, दारी, माहेरी, सासरी. लॅटिनमध्येही जुनी सप्तमी जवळजवळ नाहीशी झाली, पण काही शब्दांत टिकली, आणि ते शब्द पाहिले की मन थक्क होते. ‘दोमी’ म्हणजे घरी. ‘रूरी’ म्हणजे गावी, खेड्यावर. ‘हुमी’ म्हणजे जमिनीवर. ‘दोमी’ला वेदातही साक्ष आहे, ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘स्वे दमे’, म्हणजे स्वतःच्या घरी, वाढतो. या शब्दांना ‘इन्’ लावायचा नाही. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील एखाद्या कंपनीचे काम घरून करणाऱ्याने ‘दोमी लबोरो’ म्हणावे. ‘इन् दोमो लबोरो’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल की तो कोणाच्या तरी घराच्या आत काहीतरी दुरुस्त करतो आहे.

जुन्या सप्तमीचे दुसरे आश्रयस्थान म्हणजे शहरांची, गावांची आणि लहान बेटांची नावे. यांनाही ‘इन्’ लागत नाही. नाव ऱ्हस्व ‘अ’ने संपत असेल तर ‘ऐ’ येतो: रोम, रोमै. ‘उस्’ किंवा ‘उम्’ने संपत असेल तर ‘ई’ येतो: कोरिन्थुस्, कोरिन्थी. नावच अनेकवचनी असेल तर ॲब्लेटिव्हसारखे रूप होते: अथेनीस् म्हणजे अथेन्सला, पोम्पेयीस् म्हणजे पाँपेईला. देशांच्या नावांना मात्र ‘इन्’ लागतोच: इन् इतलिआ, इन् इन्दिआ.

मग नागपूर? चर्चच्या लॅटिनमध्ये नागपूरच्या धर्मप्रांताला ‘नागपुरेन्सिस्’ हे विशेषण लावतात, पण ते ‘नागपूरचा’ असे सांगते, ‘नागपूरला’ असे नाही. सावध लेखकाने ‘इन् उर्बे नागपुर्’, म्हणजे नागपूर शहरात, असे लिहावे. सरावासाठी मी मात्र विद्यार्थ्यांना नावाचे लॅटिन रूप करू देतो: ‘नागपुरुम्’. ‘उम्’ने संपले, म्हणून वरच्या नियमाने त्याची सप्तमी होते ‘नागपुरी’. संतांच्या अभंगांत विठ्ठल जसा ‘पंढरपुरी’ नांदतो, तसेच हे रूप ऐकू येते, आणि वर्गात ते पहिल्यांदा फळ्यावर लिहिले जाते तेव्हा कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

सरावाची रीत अशी ठेवावी. घरातून निघून बर्डीच्या बाजारापर्यंत जाताना दिसणाऱ्या पाच माणसांची कामे पाहावीत, घरी येऊन आधी ‘उबि’ लिहावे, मग वाक्य लिहावे, आणि ते मोठ्याने वाचावे, म्हणजे ‘कुलीन’ आणि ‘कुलीना’ यांतला फरक कानाला कळतो. पाचांपैकी एक वाक्य गावाचे नाव आणि कामाची जागा या दोन्हींचे असावे, कारण तिथे एकाच वाक्यात ‘इन्’शिवायची सप्तमी आणि ‘इन्’सह ॲब्लेटिव्ह शेजारी येतात. वर जिच्या वहीबद्दल लिहिले त्या मुलीची आई शिक्षिका आहे. त्या मुलीने मागच्या रविवारी डाव्या समासात काही न लिहिता सरळ वाक्य लिहिले: ‘मातेर् मेअ नागपुरी इन् लूदो लबोरत्.’ माझी आई नागपूरला शाळेत काम करते. त्यात मला एकही खूण करावी लागली नाही.